येते म्हणून गेले

तात्पुरतं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. जालन्याच्या एका शाळेत मी सात वर्षं मराठीची तात्पुरती बाई होते. कुणाच्या बाळंतपणाच्या रजेवर, कुणाच्या आजारपणाच्या रजेवर, एकदा तर भूगोलाच्या सरांचा पाय मोडला म्हणून चक्क भूगोलाची. स्टाफरूममध्ये कुणी नुसतं शिंकलं तरी माझे कान टवकारायचे. सात वर्षांनी पर्मनंट झाले, अख्ख्या शाळेला पेढे वाटले, आणि वर्ष सरायच्या आत ह्यांना मस्कतची नोकरी लागली.

हे म्हणजे माझे यजमान, रस्त्यांच्या कामावरचे इंजिनियर. त्यांचं काँट्रॅक्ट दोन वर्षांचं होतं. आमचं ठरलं ते असं, की मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढायची, मुलीला घेऊन ह्यांच्याबरोबर जायचं, त्यांचं बस्तान बसवून द्यायचं आणि जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी मुलीसकट जालन्यात हजर व्हायचं. संस्थेच्या चिटणीसांनी माझ्या अर्जावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की मुदतवाढ मिळणार नाही, हजर न झाल्यास जागा गेली असं समजावं. माझ्या वर्गांवर एक नवीन बाई रजेच्या जागेवर लागल्या होत्या. रजेच्या जागेवरचा माणूस मूळ माणसाबद्दल मनातल्या मनात काय काय चिंतत असतो, ते मला सात वर्षांच्या अनुभवाने पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे जून चुकवायचा प्रश्नच नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे ही. आम्हाला घर मिळालं ते मस्कतबाहेर, सीब गावच्या जुन्या बाजारामागे, समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत. बाकीचे आपले लोक घुब्र्याला राहायचे, मुलीची शाळासुद्धा तिकडेच, पण ह्यांची साइट इकडे होती म्हणून आम्ही इकडे. दुमजली घर, वरचा मजला आमचा. पोचल्या दिवशीच मी हुकूम काढला की काहीही विकत घ्यायचं नाही. बुद्धाची मूर्ती तेवढी बॅगेतून काढून खिडकीत ठेवली, बाकी सगळं खोक्यातच. पोळपाट खोक्यावर, इस्त्री खोक्यावर, मुलीचा अभ्यास खोक्यावर. कंपनीने दोन खुर्च्या दिल्या होत्या आणि माणसं तीन, म्हणून तिसरं माणूस सूटकेसवर बसायचं. पडद्यांच्या जागी माझ्या दोन जुन्या साड्या.

"अगं, पडदे तरी शिवू या," हे म्हणाले.

"सहा महिन्यांसाठी कोण पडदे शिवतं?"

"मी दोन वर्षं राहणार आहे ना."

"मग मी गेल्यावर शिवा."

ते गप्प बसले. गप्प बसणं हा ह्यांचा स्वभावच. डास मारायचा झाला तरी त्यांना आधी वाईट वाटतं.

खालच्या मजल्यावर घरमालक, त्यांची बायको आणि त्यांची म्हातारी आई. ह्या आईला सगळी गल्ली अम्मा म्हणायची, म्हणून आम्हीही अम्माच म्हणायला लागलो. अम्मांचे यजमान तरुणपणी खजुराच्या जहाजावर मुंबईला जात, अम्माही दोनदा जाऊन आलेल्या. तिथे शिकायचं राहिलेलं हिंदी त्यांनी घरी व्हिडिओवर सिनेमे बघून पुरं केलं होतं. त्यामुळे त्यांच्या हिंदीत भावना भरपूर आणि व्याकरण शून्य. माझं हिंदी जालन्याचं, म्हणजे दोन्ही बेताचंच. पण दोन बायकांना बोलायचंच असलं तर भाषा काय आडवी येते?

तिसऱ्याच दिवशी नळाला पाणी येईना, म्हणून पंप कुठे आहे ते विचारायला मी खाली गेले. पंप राहिला बाजूला, अम्मांनी मला गालिच्यावर बसवलं, खजूर पुढे केले, थर्मासमधून चिमुकल्या कपात कहवा ओतला, आणि मुलं किती, एकच का, दुसरं कधी, अशी सगळी चौकशी केली. अगदी जालन्यात असल्यासारखं वाटलं. मी त्यांना सांगून टाकलं की मी जूनपर्यंतच आहे, तिकडे माझी नोकरी आहे. मग मला गॅसवरचं दूध आठवलं. मी उठले आणि म्हटलं, "अच्छा अम्मा, मैं आती हूँ."

"आओ, आओ," अम्मा म्हणाल्या.

मी वर आले, दूध उतरवलं, जेवले आणि छान झोपले.

मग ते रोजचंच झालं. दुपारी मुलीची बस यायच्या आधी मी खाली उतरायची. अम्मा दारातच बसलेल्या असायच्या. "बैठो," म्हणायच्या. मी दहा मिनिटं बसायची, कहवा व्हायचा, बसचा हॉर्न वाजला की उठायची. "आती हूँ, अम्मा." "आओ." मुलीला घेऊन मी वर. ह्यात काही वावगं आहे असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, हे मला आईने लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलेलं आहे. मी ते हिंदीत केलं, एवढंच.

पण महिना-दीड महिन्यात काहीतरी बिनसलं. अम्मांचं "आओ" बारीक होत गेलं आणि एक दिवस बंदच पडलं. मी "आती हूँ" म्हटलं की त्या वर छताकडे बघून सुस्कारा सोडायच्या. दुपारभर त्यांचं दार सताड उघडं, गालिच्यावर थर्मास तसाच, जाळीखाली एक ताट झाकलेलं. एकदा त्यांच्या सूनबाईंनी माझा हात हातात घेतला आणि मनगट उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं, बांगड्या बघतायत. दुसऱ्या दिवशी मी चांगल्यातल्या बांगड्या घालून गेले. त्यांनी त्या बघितल्यासुद्धा नाहीत, पुन्हा मनगटच बघितलं.

मी विचार केला आणि कारण शोधून काढलं. आमच्या आवाजाचा त्यांना त्रास होत असणार. झालं. मिक्सर बंद केला, चटणी वाटीत वरवंट्याशिवाय कशी ठेचतात ते मी त्या दिवसांत शिकले. मुलीला चवड्यांवर चालायला लावलं. ती आपल्या इंग्लिश मीडियमच्या मराठीत म्हणाली, "आई, माझे पाय दुखतो." ह्यांना घरात मोजे घालून फिरायचा हुकूम झाला. मग वाटलं, वास असेल, म्हणून सुकट बंद केली. सुकट बंद केल्यावर मात्र घरात खरंच कुणी कुणाशी धड बोलेना.

एवढं करूनही अम्मा काही हसेनात, आणि आता त्याची झळ ह्यांना लागायला लागली. हे येता-जाता मालकांना सलाम करायचे, तर मालक नुसती मान हलवून आत जायचे. लाँड्रीवाल्याने शर्ट हातात देताना सांगितलं, "साब, लेडीज लोग को थोड़ा बाहर निकालना चाहिए." न्हाव्याने तर वस्तरा गळ्यावर ठेवून विचारलं, "घर में सब ठीक है ना?" वस्तरा गळ्यावर असताना माणूस ठीकच म्हणणार. हे अर्धी दाढी घाबरून आणि अर्धी विचार करत घरी आले.

"मी काय केलंय?" त्यांनी मला विचारलं.

"काहीतरी केलं असेल," मी म्हटलं. "उगीच कोण विचारेल?"

हे असं मी म्हणाले ह्याची मला आता लाज वाटते, पण म्हणाले खरी.

गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं किराणा दुकान होतं. चाचा दापोलीकडचे, वीस वर्षं इथे. पोहे, तूरडाळ, कोकम, सगळं त्यांच्याकडे मिळायचं, आणि त्याहून मोठी चैन म्हणजे मराठीत भाव करता यायचा. मार्च महिन्यात एक दिवस मी साबुदाणा घेत होते. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून चाचांनी आवाज खाली आणला.

"भाबी, रागवू नका. भायसाब घरात जाम कडक हायत काय?"

"कोण, हे? ते भाकरीसुद्धा कडक खात नाहीत."

"मग तुमाला खाली का नाय सोडत?"

"मला कोण सोडत नाही? मी रोज जाते खाली."

चाचांनी साबुदाण्याची पिशवी बाजूला ठेवली. "अम्मा सगल्यांना सांगते. बोलते, बिचारी मास्तरीण, रोज बोलते आती हूँ, आती हूँ, पण वर गेली का तो नवरा तिला परत येऊ देत नाय. तीन महिने झाले. अम्मा रोज वाट बघते, कहवा गरम ठेवते, जेवाण झाकून ठेवते. आता तर पोराला बोलली, अशा माणसाला घर कशाला दिला."

आणि मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली. उघडं दार. झाकलेलं ताट. माझं मनगट.

"निघताना तुमी काय बोलता तिला?" चाचांनी विचारलं.

"काय बोलणार? येते म्हणते."

चाचा तांदळाच्या गोणीवर बसले आणि पोट धरून हसले. डोळे पुसून म्हणाले, "आमचा पण असाच झाला होता. नवीन आलो तवा एका अर्बाबकडे, म्हंजे इकडच्या शेठकडे, कामाला होतो. सांजला निघताना मालकाला बोललो, येतो. तो बिचारा दुकान उघडा टाकून बसला. मी आपला रूमवर जाऊन जेवलो नि झोपलो. दुसऱ्या दिवशी जो काय ओरडलाय! आता आपण सगल्यांना सांगतो, खलास, मी चाललो."

मी साबुदाणा तिथेच टाकून घरी धावले. पण अम्मांनी मला आधीच गाठलं. दारातच उभ्या होत्या. "जुम्मे को मियाँ को लेके आओ," त्या म्हणाल्या, आणि मला काही समजावून सांगायची सोयच ठेवली नाही.

घरी मी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "म्हणजे तीन महिने मी इथे बायकोला कोंडून ठेवणारा माणूस आहे?" आणि शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून, इंटरव्ह्यूला निघाल्यासारखे खाली आले.

भलंमोठं ताट भरून भात आणि सुरमई होती. मालक, सूनबाई, अम्मा, आम्ही तिघं. जेवण होईपर्यंत अम्मा एक शब्द बोलल्या नाहीत. हात धुऊन झाल्यावर त्यांनी ह्यांच्यासमोर खजुराची बशी ठेवली आणि सिनेमातल्या न्यायाधीशासारखा आवाज काढला.

"तुम पढ़ा-लिखा आदमी. औरत को बंद रखता. क्यों?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं केविलवाणं तोंड मी त्यांच्या पहिल्या इन्क्रीमेंटच्या वेळीही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "अम्मा, इनका कुछ गलती नहीं. हमारे में निकलते टाइम जाती नहीं बोलते. जाती बोला तो मर गया जैसा होता. इसलिए जाने का है तो भी आती बोलते."

मालकांनी ते अरबीत बायकोला समजावून सांगितलं. ती आधी डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली, मग ओढणीत तोंड खुपसून खदखदायला लागली. मालकही हसले, उठून ह्यांच्या पाठीवर थाप मारली, हात हातात घेऊन हलवला. माझी मुलगी कारण नसताना हसायला लागली. अम्मा तेवढ्या हसल्या नाहीत.

"मैं तीन महीना कहवा गरम रखा," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरांनी एक अनुस्वार सोडला तर अर्धा मार्क कापणारी मी. आणि माझ्या एका क्रियापदापायी ही म्हातारी तीन महिने दार उघडं टाकून बसली होती. मी त्यांचे हात धरले आणि माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण त्यांच्या मनात वेगळंच काहीतरी चाललं होतं.

"जून में तुम हिंदुस्तान जाता," त्या म्हणाल्या. "ये आदमी इदर रहता. उस टाइम इसको क्या बोलेगा?"

"आती हूँ बोलूँगी, अम्मा."

"और आएगा?"

हे खजुराची बी बशीत इकडून तिकडे सरकवत होते. सरळ हो म्हणून टाकता आलं असतं, पण नुकतीच तीन महिन्यांची थाप उघडी पडली होती, लगेच दुसरी मारायला जीभ रेटेना.

"छुट्टी में आऊँगी," मी म्हटलं.

"छुट्टी में तो मेहमान आता," अम्मा म्हणाल्या.

जिना चढताना मला अम्मांचा राग आला, वर पोचेपर्यंत तो ह्यांच्यावर गेला. येऊन तीन महिने झाले, ह्या माणसाने एकदाही 'थांब' म्हणून म्हटलं नव्हतं. भांडले असते तर मी भांडायला तयार होते, उत्तरं पाठ होती माझी. पण विषय निघाला की हे एकच वाक्य बोलायचे, "तुझी नोकरी आहे." आणि ते मनापासून म्हणायचे, हीच तर पंचाईत. सात वर्षं ह्यांनीच मला स्कूटरवर शाळेत सोडलं होतं. पर्मनंटच्या ऑर्डरचे पेढे त्यांनीच आणले होते, माझ्यापेक्षा जास्त त्यांनीच वाटले होते.

मे उजाडला. नळ सोडला की उकळतं पाणी यायला लागलं. चाचांनी युक्ती सांगितली की गीझर बंद करा आणि त्यातलं पाणी थंड म्हणून वापरा, कारण तो घरात असतो आणि टाकी उन्हात. कुठल्या देशात आलोय, जिथे गार पाण्यासाठी गीझर लागतो, असं मी रोज म्हणायची. हे ऑफिसातून माझी आणि मुलीची तिकिटं घेऊन आले, नीट पासपोर्टात ठेवली, पासपोर्ट नीट बॅगेत ठेवले.

एक दिवस मला वाणसामानाची यादी लिहायला कागद हवा होता, म्हणून मी ह्यांची साइटची वही उघडली. पहिली पानं खडी, डांबर, उतार असल्या नोंदींनी भरली होती. मधल्या पानावर एक आकृती होती. मला वाटलं, पुलाची. बघते तर कुकरची. शेजारी बाण काढून लिहिलेलं, 'वरण: पाणी दोन बोटं वर, शिट्ट्या तीन (ती चार करते, कारण डाळ जुनी).' पुढच्या पानावर फोडणी, नंबर घालून. 'एक, तेल. दोन, मोहरी, तडतडेपर्यंत काहीही टाकू नये. तीन, हिंग, प्रमाण विचारणे.' खाली भाकरीचा छेद काढला होता, मध्ये जाड, कडेला पातळ, आणि लिहिलं होतं, 'जमणार नाही. चाचांकडचे खुबूस (इथली रोटी) आणणे.'

म्हणजे मी स्वयंपाक करत असताना हे रोज दारात उभे राहून माझ्याकडे बघायचे, ते ह्यासाठी. मी त्यांना तीनदा तरी हुसकावलं होतं की मध्ये मध्ये करू नका. मी ओट्याजवळ खाली बसले आणि आधी खूप हसले. मग रडले. मुलगी शाळेत होती म्हणून बरं, चांगलं मोठ्याने रडले.

राजीनामा लिहायला मला दहा मिनिटं लागली. माननीय अध्यक्ष, चिटणीस, कौटुंबिक कारणास्तव, कृपया स्वीकार व्हावा. एकही खाडाखोड नाही. खाली सही केली, तारीख घातली. शाळेचं नाव लिहिताना मात्र हात जरा थांबला, कारण ह्यापुढे ते मला कुठल्याच अर्जावर लिहावं लागणार नव्हतं.

दुपारी हे जेवायला आले. जेवण झाल्यावर मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"गल्ली म्हणत होती ते खरं झालं की," ते म्हणाले. "मी तुला कोंडून ठेवलं."

"तुम्ही कुठे ठेवलंत? तुम्ही तर एकदासुद्धा थांब म्हणाला नाहीत."

"कसं म्हणणार?"

"का? तोंड होतं ना?"

"म्हटलं असतं," ते म्हणाले, "तर तू थांबली असतीस."

मी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि पाकिटात घातला. नोकरी गेल्याचं रडू मला पुढे पुष्कळदा आलं. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी तर सकाळपासून आलं, माझ्या वर्गावर आता त्या दुसऱ्या बाई हजेरी घेत असतील म्हणून. पण खालची सही माझी होती. कुणी म्हटलं म्हणून मी ती केली नव्हती, आणि तेवढ्यासाठी हा माणूस सहा महिने तोंड मिटून बसला होता.